‘मला राग आला’ आणि ‘मी रागावलो’

शाळेच्या आवारात दोघा मुलांची मारामारी झाली व त्यांस वर्गशिक्षकांपुढे उभे केले, म्हणजे बहुधा एकच संवाद आमच्या कानी पडतो. “का मारलेस?” ह्या प्रश्नास “त्याने आधी शिवी दिली” हे पहिले उत्तर. “शिवी त्याने दिली हे खरे, पण मारले कोणी?” असे पुन्हा विचारले, की मुलगा मान खाली घालतो व म्हणतो, “मला राग आला, सर.” एवढे म्हटले, की आपल्याकडून सर्व खुलासा झाला, असे त्यास मनापासून वाटते. मोठी माणसेही ह्याहून निराळे उत्तर देतात असे नाही. त्यांची वाक्ये थोडी लांब असतात, इतकेच.

ह्या उत्तराचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. ‘मला राग आला’ ह्या वाक्याचा कर्ता राग आहे. ताप येतो, पाऊस येतो, पाहुणा येतो, तसा राग आला. मी केवळ ज्याच्या घरी तो आला तो यजमान. ‘मी रागावलो’ असे म्हटले, की कर्ता बदलला. ‘मी मारले’ असे म्हटले, की मग लपण्यास जागाच उरत नाही. परंतु मनुष्य मोठा युक्तिबाज. ह्या शेवटच्या वाक्यासही त्याने पळवाट काढून ठेविली आहे. तो म्हणतो, “माझ्या हातून चूक घडली.” म्हणजे चूक आपली आपण घडली आणि हात मध्ये सापडला! राग येणे, रागावणे आणि मारणे ह्या तीन पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर पापाचा आरंभ होतो, आणि त्याचा कर्ता कोण, ह्याविषयी ख्रिस्ती धर्माची शिकवण काय आहे, हे आम्ही येथे सांगण्याचे योजिले आहे.

आमच्या कर्जत तालुक्यात ह्याची उदाहरणे शोधण्यास लांब जावे लागत नाही. सीना व भीमा ह्या दोन नद्यांच्या मधला हा मुलूख. पाऊस बेभरवशाचा, भिस्त रब्बीच्या ज्वारीवर. जेथे जमिनीचे मोल पाण्यावर व पाण्याचे मोल नशिबावर, तेथे बांध म्हणजे जिवाचा विषय होतो. भाऊवाटणी झालेल्या शेतात एकाने नांगरताना बांध कोरला, दुसऱ्याने ते पाहिले, शब्दास शब्द लागला, आणि कोणाच्या हाती काठी तर कोणाच्या हाती कुदळ आली. कुकडीच्या कालव्याचे आवर्तन सुटले म्हणजे पाण्याच्या पाळीवरूनही हेच. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ पोलिस ठाण्याच्या बाकावर बसलेले असतात व दोघेही एकच वाक्य सांगतात: “रागाच्या भरात झाले.” कोरलेला बांध वीतभर असतो, दावा मात्र कित्येकदा मुलांच्या हयातीपर्यंत चालतो.

पवित्र शास्त्राच्या अगदी आरंभीच हा प्रश्न उपस्थित झाला आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात निषिद्ध फळ खाल्ल्यावर देव आदामास विचारतो. आदाम म्हणतो, स्त्रीने दिले. त्यातही तो एक पाऊल पुढे जातो व ‘तू मला दिलेली स्त्री’ असा उल्लेख करून दोषाचा काही अंश खुद्द देवाकडे ढकलितो. स्त्री म्हणते, सर्पाने भुलविले. तिघांपैकी सर्पास मात्र प्रश्नच विचारलेला नाही, त्यामुळे त्याचे उत्तर आपणांस कळत नाही. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की आदाम व हव्वा खोटे बोलत नाहीत. स्त्रीने फळ दिले होते, सर्पाने भुलविलेही होते. शाळेतल्या मुलास शिवी दिली गेली होती, हेही खरेच. सबब खरी असली म्हणजे जबाबदारी संपते असे मानणे, हीच ती जुनी चूक होय.

पुढे नव्या करारात याकोबाने आपल्या पत्रात हा विषय स्पष्ट मांडिला आहे. मोहात सापडलेल्याने देवाने मला मोहात घातले असे म्हणू नये, असे तो निक्षून सांगतो. कारण देवास वाइटाचा मोह होत नाही व तो कोणास मोहात घालीत नाही. मनुष्य आपल्याच वासनेने ओढला जातो. ती वासना गर्भवती होते, पापास जन्म देते, आणि पाप वाढून मरणास जन्म देते. हा दृष्टान्त फार विचारपूर्वक योजिलेला आहे. गर्भ राहणे व प्रसूत होणे ह्यांच्यामध्ये काळ जातो. पाप एकाएकी आकाशातून पडत नाही. ते पोटात वाढविलेले असते. नवलाची गोष्ट अशी, की ह्या ठिकाणी याकोब सैतानाचे नावही घेत नाही. सैतान आहे असे तो मानतो, त्याच पत्रात पुढे त्यास अडवा म्हणून सांगतो; परंतु पापाच्या वंशावळीत बाप म्हणून त्याचे नाव लावीत नाही.

येथे कोणी विचारील, तर मग राग हाच पाप आहे काय? ह्यावर ख्रिस्ती शिकवणीचे उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु ते ‘नाही’ जपून उच्चारावयाचे आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात, शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताच्या मनुष्यास बरे करावे की नाही ह्यावर सभास्थानातील लोक मूग गिळून बसले, तेव्हा प्रभु येशूने त्यांजकडे रागाने पाहिले असे लिहिले आहे. आणि त्याच वाक्यात त्यांच्या अंतःकरणाच्या कठीणपणाबद्दल तो दुःखी झाला असेही लिहिले आहे. ज्या रागात समोरच्याविषयीचे दुःख मिसळलेले असते तो राग निराळ्या जातीचा, हे ह्यावरून दिसते. पौल इफिसकरांस लिहितो, की राग आला तरी पाप करू नका, सूर्य मावळण्यापूर्वी तो सोडा, आणि सैतानास जागा देऊ नका. पौलाने रागास मुदत घालून दिली आहे, आणि ती दिवस मावळेपर्यंतची आहे. आम्ही जी बांधाची भांडणे पाहतो त्यांत ही मुदत बहुधा तीस वर्षांनी टळलेली असते.

उलट पक्षी, डोंगरावरील प्रवचनात प्रभूने खुनाच्या आज्ञेशेजारीच भावावर रागावणे आणून बसविले. ह्या वचनाविषयी पाठभेद आहे. पुष्कळ हस्तलिखितांत ‘विनाकारण’ ह्या अर्थाचा शब्द आढळतो. चौथ्या शतकातील व्हॅटिकन येथील प्रसिद्ध प्रतीत व इतर काही जुन्या प्रतींत तो नाही. नकलकाराने तो शब्द मागाहून घातला असावा असे बहुतेक पंडित समजतात. आम्हांस ह्या नकलकाराविषयी सहानुभूति वाटते. ‘विनाकारण’ हा शब्द मिळाला तर आपणा सर्वांचीच सुटका होते, कारण विनाकारण रागावलेला मनुष्य अद्याप कोणी पाहिलेला नाही. प्रत्येकाजवळ कारण असतेच.

आता शब्दांकडे थोडे वळतो. कारण शब्दांत पिढ्यांचा अनुभव साठलेला असतो. जुना करार ज्या इब्री भाषेत आहे तीत रागास ‘अफ्’ असा एक शब्द आहे, व त्याचा मूळ अर्थ नाक. रागावलेल्या मनुष्याच्या नाकपुड्या फुलतात, श्वास तापतो, त्यावरून हा शब्द पडला. ‘मंदक्रोध’ असे जे देवाचे वर्णन वारंवार येते, ते इब्रीत अक्षरशः ‘लांब नाकाचा’ असे आहे; म्हणजे ज्याचा श्वास तापण्यास वेळ लागतो असा. आपल्या मराठीत अमक्याच्या नाकावर राग असतो असे म्हणतात. इतक्या दूरच्या दोन भाषांनी रागाचे घर एकाच ठिकाणी दाखवावे, ही मौजेची गोष्ट आहे. पंडिता रमाबाईंनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषान्तर करण्यासाठी इब्री व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला. त्यांचे भाषान्तर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. अशा भाषान्तरकारास पावलोपावली हीच अडचण येते, की एका शब्दाचे दोन अर्थ आणि घ्यावयाचा तर एकच.

दुसरा शब्द ‘परीक्षा’. प्रभूच्या प्रार्थनेत, आम्हांस परीक्षेत आणू नये अशी विनंती मराठीतून म्हटली जाते, आणि मार्च महिन्यात आमचे विद्यार्थी ती विशेष भक्तिभावाने म्हणतात, हे शिक्षकांस ठाऊक आहे! विनोद बाजूस ठेविला, तरी येथे खरा प्रश्न आहे. मूळ ग्रीक शब्द ‘पैरास्मोस’ हा परीक्षा व मोह ह्या दोन्ही अर्थांनी येतो. एकच प्रसंग एका बाजूने पाहता कसोटी आणि दुसऱ्या बाजूने पाहता पापाचे आमिष असतो. रोमन कॅथलिक मंडळीत ह्याच ओळीवरून अलीकडे पुष्कळ चर्चा झाली. देव मोहात नेतो असा भास होऊ नये म्हणून फ्रेंच भाषेतील प्रार्थनेची शब्दयोजना २०१७ साली बदलण्यात आली, व इटालियन उपासनाग्रंथाच्या २०२० च्या आवृत्तीतही तसाच बदल झाला. याकोबाने जे सांगितले तेच दोन हजार वर्षांनी पुन्हा स्पष्ट करावे लागले, ह्यावरून देवावर दोष ठेवण्याची आपली खोड किती चिवट आहे हे दिसते.

मोह होणे हे पाप नव्हे, ह्याचे सर्वांत मोठे प्रमाण ख्रिस्ती मनुष्यापुढे आहे ते असे, की प्रभु येशूची अरण्यात चाळीस दिवस परीक्षा झाली. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तो आपल्याप्रमाणेच सर्व प्रकारे पारखला गेला, तरी निष्पाप राहिला, असे सांगितले आहे. मग रेषा कोठे ओढावयाची? चौथ्या शतकात मिसर देशाच्या वाळवंटात राहणारा एवाग्रियस नावाचा तपस्वी ह्या शास्त्रातला मोठा जाणता होता. मनुष्यास छळणाऱ्या आठ विचारांची त्याने मांडणी केली. त्यांत क्रोध एक. आपल्याकडील षड्रिपूंची वाचकांस येथे आठवण होईल. हे विचार मनात येऊ न देणे आपल्या हाती नाही, परंतु त्यांस मनात मुक्काम करू द्यावा की नाही हे आपल्या हाती आहे, असे त्याचे म्हणणे. त्याच्या थोड्या मागाहून झालेल्या ऑगस्टीनने पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधी सूचना, मग तीत वाटणारी गोडी, आणि शेवटी संमति. एदेन बागेच्या कथेत सर्प ही सूचना, हव्वा ही गोडी व आदाम ही संमति, असा त्याने अर्थ लाविला. स्त्रीस गोडीचे व पुरुषास विवेकाचे रूप देणे आम्हांस पटत नाही. परंतु पायऱ्या त्याने बरोबर मोजल्या आहेत. सूचना येते. गोडी उत्पन्न होते. संमति मात्र द्यावी लागते.

रागात गोडी कसली, असे कोणी म्हणेल. ज्याने रात्री अंथरुणावर पडून दिवसाचे भांडण पुन्हा मनात खेळविले आहे, ह्या वेळी आपण काय बोललो असतो ते जुळविले आहे, आणि प्रतिपक्षाची फजिती कल्पनेत पाहिली आहे, त्यास ही गोडी सांगावी लागणार नाही. राग बाहेर काढून टाकला म्हणजे मन मोकळे होते, असा एक समज आहे. परंतु मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहता, ज्याने चिडविले त्याचे स्मरण ठेवून उशीसारख्या वस्तूवर गुद्दे मारणाऱ्यांचा राग कमी न होता वाढलेला आढळला. घोळविलेला राग वाढतो, हे वाळवंटातल्या तपस्व्यांस प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते.

काइनाच्या कथेत हे सर्व एका चित्रात आले आहे. भावाचे अर्पण स्वीकारले गेले, आपले नाही, हे पाहून काइनाचा चेहरा उतरला व तो फार संतापला. अद्याप त्याने काही केलेले नाही. ह्याच वेळी देव त्याच्याशी बोलतो: पाप दाराशी दबा धरून बसले आहे, त्याची तुजवर नजर आहे, परंतु तू त्याजवर सत्ता चालव. रेहेकुरीच्या आसपासच्या माळावर मेंढरे राखणाऱ्या धनगरास ह्या वचनाचा अर्थ कोणी समजावून देण्याची गरज नाही. वाड्याच्या कुडाशी लांडगा बसलेला आहे; तो तेथे यावा ही धनगराची इच्छा नव्हती व तो आला हा त्याचा अपराधही नव्हे. कवाड मात्र आतून लावलेले असते. काइनाने ते उघडिले व भावास शेतात बोलाविले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. खुद्द पौलानेच रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, जे चांगले करावेसे वाटते ते मी करीत नाही, जे नको तेच करितो, आणि ते मी नव्हे तर माझ्यामध्ये राहणारे पाप करिते, असे म्हटले आहे. वरवर पाहता ही शाळेतल्या मुलाचीच सबब! भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनही हाच प्रश्न करितो, की इच्छा नसताना जणू बळजबरीने जुंपल्यासारखा मनुष्य पाप करितो तो कोणाच्या प्रेरणेने? त्यास काम व क्रोध हे शत्रू म्हणून दाखवून दिले आहेत. म्हणजे मनुष्याच्या आत त्याच्याहून बलवान असे काही आहे, हा अनुभव एकट्या ख्रिस्ती लोकांचा नाही. परंतु पौल पुढे काय म्हणतो ते पाहावे. तो ‘मी निर्दोष आहे’ असे म्हणत नाही. मी किती कष्टी माणूस, मला कोण सोडवील, असे तो ओरडतो. निर्दोष मनुष्य सुटकेसाठी वकील शोधितो. पौल तारणारा शोधितो. आत वसलेल्या ह्या प्रवृत्तीस स्वतःस पाप म्हणावे की केवळ पापाकडे ओढणारा कल म्हणावा, ह्याविषयी सोळाव्या शतकात मोठा वाद झाला. ती खऱ्या अर्थाने पाप होय, असे सुधारणावाद्यांचे मत होते. बाप्तिस्मा झालेल्यांच्या ठायी तो केवळ कल उरतो, असे ट्रेंटच्या धर्मसभेने १५४६ साली ठरविले. आमच्या नगर जिल्ह्यात दोन्ही परंपरांच्या मंडळ्या आहेत. त्या वादात आम्ही शिरत नाही. कारण संमति देऊन केलेले कृत्य ज्याचे त्याचेच, ह्याविषयी उभय पक्षांत मतभेद नाही.

ह्या जबाबदारीवर एवढा भर देण्याचे कारण शिक्षा व्हावी हे नव्हे. कारण अगदी उलट आहे. जे माझे नाही ते मी कोणापाशी सोपविणार? ‘हातून घडले’ म्हणणाऱ्यास क्षमा मागताच येत नाही, कारण मागावयाची कोणासाठी? हातासाठी? नाथान संदेष्ट्याने दाविदास, तो मनुष्य तूच, असे तोंडावर सांगितले, तेव्हा दाविदाने मी पाप केले एवढेच उत्तर दिले, आणि क्षमेचे वचन त्यास त्याच क्षणी मिळाले.

आणखी एक सबब उरते, व ती फार सुशिक्षित सबब आहे: “आमच्या रक्तातच राग आहे. वडील असेच, आजोबा असेच.” यहेज्केल संदेष्ट्याच्या काळी बाबेलात हद्दपार झालेले लोक अशीच एक म्हण वापरीत, बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, असा तिचा आशय. अठराव्या अध्यायात संदेष्टा ही म्हण बंद करण्यास सांगतो. बापाचे पाप पाहून जो मुलगा तसे करीत नाही तो जगेल. प्रत्येकजण आपल्या कृत्याचा जबाबदार.

ह्याचे आमच्याच जिल्ह्याशी निगडित उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, व पुढील आयुष्याचा मोठा भाग त्यांनी नगरास घालविला. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत टिळकांचे वडील किती तापट होते, आईच्या मृत्यूनंतर टिळकांनी पोरवयातच घर कसे सोडले, आणि पुढे तोच तापटपणा टिळकांच्या ठायी कसा प्रकट होई, हे सर्व काही न झाकता सांगितले आहे. एका पूज्य कवीविषयी, स्वतःच्या पतीविषयी, असे लिहिणे त्या काळी सोपे नव्हते. परंतु वाचकाच्या मनावर जो ठसा उमटतो तो निंदेचा नाही. राग जितका चटकन येई तितकाच चटकन ओसरे, आणि मग त्याच मनुष्याचे औदार्य उसळून येई. बापाकडून मिळालेला वारसा टिळकांनी नाकारिला नाही, व त्याआड ते लपलेही नाहीत. आमच्या मते लक्ष्मीबाईंच्या ग्रंथातील ही पाने ह्या विषयावरील पुष्कळ प्रवचनांहून अधिक शिकविणारी आहेत. घरातला राग घरात राहणाऱ्यालाच दिसतो.

कायदेशास्त्राचे ह्याबाबत काय म्हणणे आहे, हेही थोडक्यात सांगतो. जुन्या भारतीय दंडविधानात ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ’ हा अपवाद होता, व १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. मनावरील ताबा एकाएकी सुटून मृत्यू घडविला तर तो खून न ठरता त्याहून हलका अपराध ठरू शकतो. हलका ठरतो, नाहीसा होत नाही. शिवाय अट अशी, की प्रक्षोभाची सबब मिळावी म्हणून तो आपण होऊन ओढवून घेतलेला नसावा. १९५९ साली मुंबईत गाजलेल्या कमांडर नानावटी ह्यांच्या खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीस निर्दोष ठरविले. परंतु उच्च न्यायालयाने ते मानले नाही, आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. घरातील विश्वासघात कळल्यापासून गोळी सुटेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते, मध्ये जहाजावर जाऊन पिस्तूल आणले होते. मन ताब्यात आणण्यास एवढा वेळ पुरेसा होता, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. सूचना व संमति ह्यांमधले अंतर न्यायालय घड्याळाने मोजते. ख्रिस्ती धर्म त्याहून बारीक माप वापरितो. तथापि मोजण्याची वस्तू एकच.

आतापर्यंत आम्ही एकेकट्या माणसाच्या रागाविषयी लिहिले. परंतु राग न्याय्य असला, आणि तो एकाचा नसून गावाचा असला, तर? ह्या प्रश्नास आमच्या मुलखाचा इतिहास उत्तर मागतो.

१८७५ च्या मे महिन्यात, १२ तारखेस, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. पाहता पाहता हे लोण नगर जिल्ह्यात पसरले, आणि पारनेर, श्रीगोंदे, नगर ह्यांबरोबर कर्जत तालुकाही त्यात आला. ह्यास दख्खनचे दंगे म्हणतात. कारणे लहान नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले, तेव्हा कर्ज सहज मिळाले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, आणि कर्ज राहिले. त्यातच सरकारी शेतसारा वाढला. सारा भरण्यासाठी सावकार, सावकाराचे व्याज भागविण्यासाठी पुन्हा सावकार. आणि निरक्षर कुणब्याच्या अंगठ्याखालच्या खतात काय लिहिले आहे हे त्यास ठाऊक नसे. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा आला म्हणजे जमीन गेली.

ह्या दंग्यांची विशेष गोष्ट ही, की लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. खते हाती आली की ती जाळीत. सावकाराने मुकाट्याने दिली तर बहुधा त्याच्या अंगास हात लावीत नसत. इतके असूनही काही ठिकाणी घरे पेटविली गेली, माणसे जखमी झाली. त्याआधी १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी लोकांनी दुसरा मार्ग धरिला होता. सावकाराचे काम करावयाचे नाही, त्याची सेवाचाकरी करावयाची नाही, असा बहिष्कार त्यांनी घातला होता. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे ९५० माणसे पकडली गेली व त्यांपैकी सुमारे ५०० जणांस शिक्षा झाली. सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमिले, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला. त्याने कोर्टास खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला.

आता ह्यात पाप कोणाचे? ‘ज्याने पेटविले त्याचे’ एवढेच म्हणून आम्ही थांबलो, तर ज्यांनी खोटी खते लिहिली ते, आणि सारा वाढविणारे, दोघेही सुटतात. ‘परिस्थितीचे’ म्हणून थांबलो तर सर्वच सुटतात. कारण परिस्थितीस कोणी कोर्टात उभे करू शकत नाही. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे जबाबदारी वाटली गेली म्हणून कमी होत नाही. लबाडीने खत लिहिणाऱ्याचे पाप पुरे त्याचे, आणि पेट्रा टाकणाऱ्याचे पुरे त्याचे. कुणब्याचा राग खरा होता, न्याय्यही होता. परंतु खते मागणे व माणसासकट घर पेटविणे ह्यांमध्ये एक उंबरठा आहे, आणि गर्दीतूनही तो प्रत्येकास आपापल्या पायांनीच ओलांडावा लागतो. करड्याच्या लोकांचा राग सुप्याच्या लोकांहून कमी होता असे मानण्यास काही आधार नाही. त्यांनी तो निराळ्या वाटेस लाविला.

पवित्र शास्त्रात ह्या प्रसंगाशी इतके जुळणारे एक प्रकरण आहे, की कर्जतच्या वाचकास ते आपल्याच तालुक्यातले वाटावे. ख्रिस्तापूर्वी पाचव्या शतकात यरुशलेमेचा कोट बांधणे चालले असता गोरगरीब यहूदी लोकांनी आकांत केला, तो नहेम्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आला आहे. दुष्काळात धान्यासाठी आम्ही शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकली. राजाचा सारा भरण्यासाठी कर्ज काढिले. आमची मुले दास झाली. आणि सावकार आमचेच भाऊबंद आहेत. हे ऐकून सुभेदार नहेम्या फार संतापला. तो ते लपवीत नाही. परंतु पुढचे वाक्य असे आहे, की त्याने आपल्या मनाशी विचार केला. ह्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत काय घडले हे लिहिलेले नाही. ऑगस्टीनने मोजलेल्या पायऱ्यांपैकी शेवटची पायरी तेथेच असली पाहिजे. मग त्याने सरदार व अधिकारी ह्यांस तोंडावर दोष दिला, मोठी सभा भरविली, व सर्वांदेखत त्यांस जाब विचारिला. ते निरुत्तर झाले.

आणि येथे नहेम्याने जे केले ते आम्हांस त्याच्या रागाहूनही मोठे वाटते. मी, माझे भाऊ व माझे चाकरही ह्या लोकांस पैसा व धान्य उसने देतो, हे त्याने त्याच सभेत सांगितले. हे व्याज घेणे आता आपण सोडून देऊ या, असे त्याचे शब्द आहेत. ‘तुम्ही’ म्हणता आले असते, तेथे तो ‘आपण’ म्हणाला. शेते, द्राक्षमळे, जैतुनाची बने, घरे आणि घेतलेले व्याज आजच्या आज परत करा, असे त्याने सांगितले. सावकारांनी कबूल केले. तेव्हा याजकांस बोलावून त्याने त्यांच्यासमक्ष शपथ घेवविली, आणि आपल्या वस्त्राचा ओचा झटकून, वचन मोडणाऱ्यास देव असाच झटकून टाको, असे म्हटले. सगळी सभा ‘आमेन’ म्हणाली, आणि लोकांनी त्या वचनाप्रमाणे केले.